दाराएवढा उंचवटा

मोटारघरात जनावरं घेऊन बारा महिने कसं राहावं, हे क्वार्टझसाइट गावाबाहेरच्या वाळवंटात कुणालाही विचारा. विचारलं नाहीत तरी सांगतील. थंडी पडली की उत्तरेकडच्या गाड्या इथे उतरतात, आणि प्रत्येक गाडीतून एक कुत्रा, एक घडीची खुर्ची आणि बरेचसे सल्ले बाहेर पडतात. आपलं घर ज्यांना एका जागी ठेवता आलं नाही अशी आम्ही माणसं, पण दुसऱ्याचं घर कसं चालवावं याबद्दल आमच्यात कधी दुमत नसतं.

मला मिळालेला पहिला सल्ला मार्व्हा लिंडक्विस्टचा. मी नवीन होते. माझ्या मांजरीच्या पंजात चोया निवडुंगाचा काटेरी गोळा रुतला होता आणि मी तो बोटांनी ओढत होते.

"हात लावू नकोस, पोरी!" पलीकडच्या गाडीतून एक उंच, हाडापेराची म्हातारी ओरडत आली. तोवर गोळा मांजरीच्या पंजातून निघून माझ्या तळव्यात बसला होता. तिने एप्रनच्या खिशातून केसांचा कंगवा काढला, गोळ्याखाली सरकवला आणि एका झटक्यात तो लांब भिरकावला.

"एक रोगी होता, त्याचे दोन केलेस," ती म्हणाली. "कंगवा कायम खिशात ठेवायचा. केस विंचरायला नाही. तुझ्याकडे बघून वाटतं, तू तसंही विंचरत नाहीस."

मार्व्हाने मिनेसोटात शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढला होता. नवरा गेल्यावर घर विकून तिने एक जुनं मोटारघर घेतलं. त्यात ती, पिकल नावाची राखाडी मांजर आणि जज. जज हा लांब कानांचा, जाडजूड हाउंड जातीचा कुत्रा. कपाळावर आठ्या, डोळे ओले. समोरच्याला शिक्षा ठोठावून आता स्वतःच दुःखी झाल्यासारखा चेहरा.

मार्व्हाचे नियम सगळ्या तळाला पाठ होते. मांजरीच्या मातीचं घमेलं न्हाणीत ठेवायचं, म्हणजे आपली अंघोळ आपोआप कमी होते आणि पाणी वाचतं. कुत्र्याला गाडीत सोडून जाताना आतल्या उष्म्याची खबर फोनवर येईल अशी सोय करायची. संध्याकाळी मांजर बाहेर दिसली तर ती कोल्ह्याची. आणि इंजिन सुरू करण्याआधी हजेरी घ्यायची, मोठ्याने.

"जज?" आतून शेपटी फरशीवर आपटायची. "पिकल?" पिकल उत्तर देत नसे, तिला डोळ्यांनी बघून घ्यावं लागे. "मार्व्हा?" आणि मग तीच म्हणायची, "हजर."

"स्वतःचं नाव कशाला?" मी एकदा विचारलं.

"एकदा पेट्रोल पंपावर काच पुसायला उतरले. इंजिन चालू, आणि पिकलने कुलपाच्या बटणावर पाय दिला. ती दोघंही आत होती गं. बाहेर मीच राहिले."

या हिवाळ्यात मात्र मार्व्हाच्या सल्ल्यांना खीळ बसली. जज म्हातारा झाला होता. सपाटीवर तो अजून डौलात चालायचा, पण मागचे पाय वर उचलेनात. मोटारघराच्या पायऱ्यांपाशी येऊन तो थांबायचा, दाराकडे बघायचा, आणि मग मान वळवून दुसरीकडे बघायचा. जणू त्याला आत जायचंच नव्हतं. मार्व्हा एकटी त्याला उचलू गेली, आणि आठवडाभर पाठ धरून वाकडी चालत राहिली.

तिच्या बहिणीने, आर्डिसने, मिनेसोटात तळमजल्यावरची खोली रिकामी करून ठेवली होती. एकही पायरी नसलेली. रोज फोन यायचा.

"या मुक्कामाची मुदत संपेपर्यंत बघते," मार्व्हाने आम्हाला सांगून टाकलं. सरकारी जमीन असल्याने दोन आठवड्यांनी सगळ्यांनाच हलावं लागतं. "निघायच्या दिवशी हा आपल्या पायांनी आत गेला तर आम्ही निघालो. नाही गेला तर गाडी विकायची आणि आर्डिसच्या खिडकीतून बर्फ बघत बसायचं."

"विकू नकोस," रॉयस म्हणाला. रॉयस तिचा शेजारी, निवृत्त सुतार आणि कायम चिडलेला. "माझ्याकडे फळ्या आहेत."

मग तळावरच्या शहाणपणाला पूर आला. रॉयसने दाराला लावायला उतार बांधला. दाराचा उंबरठा कमरेएवढा उंच आणि फळ्या आखूड, त्यामुळे तो उतार कमी आणि घसरगुंडी जास्त झाली. जजने एक पंजा टेकवला, फळी कुरकुरली, आणि पंजा परत आला. कुणीतरी म्हणालं, फळीवर शेंगदाण्याचं लोणी चोपडा. मान पोचेल तिथवरचं लोणी जजने खालूनच चाटलं. वरचं पिकलने संपवलं. पुढे तो उतार कायमचा तिचाच झाला. ती त्यावर राणीसारखी ऊन खात पडू लागली.

"तुझा उतार आवडला हो मांजरीला," मार्व्हा म्हणाली.

"मांजरीला विचारलं होतं कोणी?" रॉयस गुरगुरला.

माझं योगदान दुधाच्या क्रेट्सचं. मी ते रचून बुटक्या, रुंद पायऱ्या केल्या, वर गालिचा अंथरला आणि जजला दाखवायला म्हणून स्वतः चढून गेले. उतरताना मधला क्रेट सरकला आणि मी गालिच्यासकट वाळूत बसले. जजने येऊन माझा कान चाटला. तेवढ्या प्रयोगावर त्याचं समाधान झालेलं दिसलं.

मुदत संपायला आली. मार्व्हाने गाडी विकायची पाटी रंगवून घेतली, पण ती भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. जज गाडीशेजारी ठोकलेल्या तंबूत निजत होता, आणि त्याच्याबरोबर मार्व्हाही.

त्या दुपारी मी गावातून पाणी भरून परतले, तर माझ्या जागेवर एक नवी गाडी उभी. भांडायचा माझा स्वभाव नाही. मनातल्या मनात भांडून मी पुढे निघाले. समोर कोरडा ओढा होता, त्याच्या काठाला आयर्नवुडच्या झाडाची सुरेख सावली. त्या सावलीवर डोळा ठेवून मी व्हॅन वळवली आणि चाकं ओढ्याच्या मऊ वाळूत गेली. मी ॲक्सिलरेटर दाबला. वाळूत कधीही करू नये असं जे काही आहे, ते मी ओळीने करून पाहिलं. व्हॅन काठाच्या मातीला कूस लावून बसली ती बसलीच.

वाळूत रुतलेली गाडी ही आमच्याकडची करमणूक. पाचच मिनिटांत लोक खुर्च्या घेऊन आले.

"सावली छान आहे," एकजण म्हणाला.

"इथेच नांदणार का आता?" दुसरी म्हणाली.

रॉयस फावडं घेऊन चाकांपाशी वाकला. "कुठे बघत होतीस गं?"

"झाडाकडे."

"मग झाडालाच सांग ओढायला."

सरकतं दार काठाच्या बाजूला होतं. वजन कमी करावं म्हणून मी ते उघडलं आणि पाण्याचे कॅन बाहेर काढू लागले. मागून मऊ पावलं वाजली. जज चालत आला. माझ्या पायांशी थांबला, आत डोकावला, आणि जसा या हिवाळ्यात आमच्या कोणाच्याही दारात शिरला नव्हता तसा सरळ आत गेला. माझ्या गादीवर एक गिरकी घेतली आणि आडवा झाला.

फावडं थांबलं.

मार्व्हा काठावर उभी होती. तिने दाराखाली बघितलं. व्हॅनची जमीन आणि काठाची माती एका पातळीत होती. मध्ये जेमतेम पंजाएवढी फट.

"चढलाच नाही तो," ती हळूच म्हणाली. "नुसता चालला."

"अगं मार्व्हा, आपण इतके दिवस कुत्र्याला वर न्यायला बघतोय," रॉयस म्हणाला, आणि त्याने फावडं टेकलं. "घर खाली न्यायचं सुचलं नाही कोणाला."

"मला सुचलं की," मी वाळूत उभी राहून म्हणाले. माझ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

मार्व्हा तिच्या गाडीकडे गेली. तंबूची एक काठी तिने दारापाशी उभी धरली आणि उंबरठ्याच्या उंचीवर रॉयसच्या करवतीने कापली. मग माझी व्हॅन उपसून झाल्यावर ती काठी घेऊन आम्ही वाळवंट पालथं घातलं. ओढ्यात गाडी लावू द्यायला रॉयसने साफ नकार दिला. वर डोंगरात पाऊस झाला तर इथे पाणी विचारून येत नाही. बाकी प्रत्येक उंचवट्याला काठी लावून बघितली. एक बुटका, एक फार उंच, एक बरोबर पण त्यात सापाचं बीळ. मोटारघरवाला माणूस सपाट जागेसाठी जीव टाकतो. गाडी जरा तिरकी झाली तर त्याला झोप लागत नाही. आणि आम्ही उरलेली दुपार खड्डे आणि चढ शोधत हिंडत होतो. एका पाहुण्याने विचारलंही, काही हरवलंय का.

शेवटी जुन्या खाणीच्या रस्त्यावर मातीचा एक धक्का सापडला. कोणे एके काळी तिथून ट्रकांत खडी भरत असणार. काठी लावली. माती आणि काठीचं टोक एकाच रेषेत.

निघायच्या दिवशी सकाळी मार्व्हाने घाईघाईत, हजेरी न घेताच मोटारघर तिथे नेलं. रॉयस पुढे उभा राहून हातवारे करत होता, आणि ती त्याच्याकडे न बघता आरशात बघून गाडी लावत होती. दार उघडलं. मधल्या फटीवर तिने उताराची एक फळी टाकली, वर पायपुसणं. पाटी अजून आत भिंतीकडे तोंड करून उभी होती.

जज पायपुसण्याशी आला. फळी हुंगली. फळीला लोण्याचा वास राहिला असावा, कारण त्याने ती आधी नीट चाटली. सगळा तळ श्वास रोखून एका कुत्र्याचं फळी चाटणं बघत होता. मग त्याने मान वर केली, आतल्या अंधाराकडे पाहिलं, आणि गेला.

मार्व्हाने पाटी बाहेर काढून रॉयसच्या हातात दिली. "फळ्या कमी पडत होत्या ना तुला?"

"अगं, पण वाटेत काय करशील? असे धक्के काय दर मैलाला बसलेत?"

"बंद दुकानांचे मालधक्के आहेत. उंच फुटपाथ आहेत. शोधायला माझ्या पायात अजून बळ आहे."

आणि तेव्हापासून आमच्यातला जो पुढे जाईल तो मार्व्हाला फोटो पाठवतो. सूर्यास्ताचे नाहीत, डोंगरांचेही नाहीत. मातीच्या ढिगाऱ्यांचे, रस्त्याकडेच्या बांधांचे, शेजारी माणूस उभा करून, उंची कळावी म्हणून. मी पाठवते त्यांत अजून तरी एकही बरोबर निघालेला नाही. मार्व्हा उत्तर देते, "सावली छान आहे."

त्या सकाळी ती निघाली तेव्हा मी खिडकीखाली उभी होते. आतून आवाज आला.

"जज?"

फरशीवर शेपटी आपटली. एकदा, मग पुन्हा.

"पिकल?"

आत शोधाशोध, मग मार्व्हाचा वैतागलेला उसासा आणि दार उघडल्याचा आवाज. आम्ही सगळ्यांनी माना वळवल्या. लांब, जुन्या जागेवर, जमिनीवर ओसाड पडलेल्या उतारावर पिकल पोट वर करून ऊन खात पडली होती.