तिसरा नर

आमच्या ह्यांना कुठलीही गोष्ट पुरी होऊ देववत नाही. दूध उतू जायच्या आत गॅस बंद करावा, हे मलाही कळतं; पण हे तापायच्या आतच बंद करतात. मी काही सांगायला लागले की वाक्य निम्म्यावर यायच्या आत, "कळलं, कळलं." काय कळलं, कपाळ!

दोष त्यांचाही नाही म्हणा. उभा जन्म लोकांना गाडी शिकवण्यात गेला. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकायच्या आत तो दाबायचा, यावरच आमची चूल पेटली. सगळे यांना ब्रेकमास्तर म्हणतात. दाबून दाबून गुडघा कामातून गेला, डॉक्टरांनी गाडी सोडायला लावली आणि मास्तर घरी बसले. बसले कसले! दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत, नुसत्या येरझाऱ्या. आणि ब्रेक लावायला आता मी एकटीच उरलेली. जिना सावकाश उतर, सुरी नीट धर, फोनवर किती वेळ बोलतेस. मला वेड लागायचंच बाकी होतं.

तेवढ्यात मासे आले. यांच्याच हाताखाली गाडी शिकलेला एक जण रंगीत माशांचं दुकान चालवतो, त्याने एक जुनी मोठी टाकी दिली. खाऱ्या पाण्याचे मासे म्हणजे उद्योगाला तोटा नाही. मास्तर दिवसभर पाण्यात मीठ कालवायचे, काच पुसायचे, पंपाला कान लावून बसायचे. माझ्या जिवाला जरा उसंत मिळाली. मग डोक्यात शिरलं की घरीच पिल्लं काढायची, आणि आणली ती मादी.

तळहाताएवढी, गडद लाल, अंगावर तीन पांढरे पट्टे. काचेवर नुसतं बोट ठेवलं तरी अंगावर धावून यायची. दुकानदार म्हणाला, या जातीत सगळे आधी नरच असतात, आणि जो बाकीच्यांना दमात घेतो त्याची पुढे मादी होते. "म्हणजे बढती मिळते," मी म्हटलं. मास्तर काही हसले नाहीत.

जोडी कशी लावायची ते दुकानदाराने नीट सांगितलं होतं, मी तिथेच उभी होते. "लहान नर आणायचा. भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात घालून तो डबा टाकीत टांगायचा. दोघांना एकमेकांना बघू द्या, मग सोडा. ती मारणार, मारू द्या. तो आडवा होऊन थरथरला की समजायचं, शरण आला. मग ती सोडून देते. पंखांच्या चिंध्या झाल्या, कोपऱ्यात निपचित पडला, तरच काढा."

पहिला नर सोडला. ती धावली, तो पळाला, आडवा झाला, थरथरला, आणि मास्तरांची जाळी पाण्यात! "अगं, झटके येतायत त्याला!" परत डब्यात. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडला, पुन्हा तेच. ती दर वेळी आधीपेक्षा जास्त चवताळून यायची. एका सकाळी बघतो तर तळाशी मरून पडलेला. दुसऱ्या नराचीही तीच गत झाली. मी म्हटलं, "अहो, तो काय म्हणाला होता? थरथरला तर काढू नका ना!"

"कळतं गं," म्हणाले, "पण हातच जातो."

त्यानंतर यांचं जेवणातलं लक्षच उडालं. दोन घास चिवडायचे आणि उठायचे. तिसरा नर देताना दुकानदाराने हात जोडले. "मास्तर, हा शेवटचा. हाही गेला तर मादी परत आणून द्या. तिच्यापायी किती जीव घालवायचे?" घरी आल्यावर हे म्हणाले, "ती गेली तर टाकीही काढून टाकू. मला नाही जमत."

टाकी गेली की पुन्हा दार-खिडकी, दार-खिडकी, आणि मध्ये मी. पण तेही परवडलं असतं. जन्मभर दुसऱ्याला 'जमेल, घाबरू नका' म्हणणारा हा माणूस स्वतःला 'नाही जमत' म्हणत होता, ते मला बघवेना.

म्हणून सोडायच्या दिवशी मी जाळी कपाटात घातली आणि किल्ली मुठीत धरून टाकीजवळ उभी राहिले.

यांनी डब्याचं झाकण काढलं. तिसरा बाहेर आला मात्र, ती सुटलीच. टाकीभर पाठलाग. त्याच्या शेपटीचा एक तुकडा गेला. "जाळी दे!" "नाही." "अगं, मारेल ती त्याला!" "मारू दे!" मी ओरडले. तिने त्याला दगडाशी गाठलं, तशी मास्तरांनी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. ती गर्रकन वळली आणि यांच्या बोटालाच चावली. "आई गं!" मी दंड धरून हात बाहेर ओढला आणि सोडलाच नाही. जोर लावत होते, तरी सोडला नाही.

आता तो पळून जाईल असं मला वाटलं. छे! तो उलट तिच्यापुढे गेला, आडवा झाला आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथरला. तिने एक ढुशी दिली. तो आणखी थरथरला. मग ती त्याच्याभोवती एक फेरी मारून आपल्या दगडाकडे निघून गेली. थोड्या वेळाने हाही हळूच तिच्या मागे गेला. तिने त्याला जवळ राहू दिलं.

"बघा!" मी म्हटलं. "जमलं की नाही?"

यांना आनंद झाला असेल म्हणून मी तोंडाकडे पाहिलं, तर चेहरा पांढराफटक.

"ते आधीचे दोघंही असेच थरथरत होते," म्हणाले. "त्यांचंही मिटलंच होतं. मी उचलायचो, आणि पुन्हा पहिल्यापासून मार खायला सोडायचो."

बोटातून रक्त येत होतं, तेवढंच दिसलं.

"बोट धुऊन घ्या," मी म्हटलं. "खारं पाणी आहे, झोंबत असेल."

"झोंबू दे," म्हणाले, आणि ओला हात तसाच मांडीवर ठेवून काचेसमोर बसून राहिले.