चुरी सरांच्या ओट्यावर एन्क्रिप्शन

दर रविवारी तिघं मिळून गणित करायला बसलो, की गणितं सुटोत न सुटोत, किस्से मात्र साठतातच. आमच्याकडे आता वह्यांपेक्षा तेच जास्त झालेत!

तिघं म्हणजे शिरगावचे चुरी सर, शाळेतून रिटायर झालेले गणिताचे मास्तर, वय सत्तर. दांडीच्या हेमलताताई तामोरे, तारापूरच्या एका कंपनीत लॅबमध्ये. आणि मी, कुंभवलीचा टेक्निशियन. मोबाइलवरचा मेसेज कुलूपबंद होतो म्हणजे काय होतं, आणि ते कुलूप कितपत पक्कं, हे मुळापासून शिकायचं, एवढाच हट्ट.

पहिल्याच रविवारी सर समजावत होते: बेरीज पंधराच्या पुढे गेली की पंधरा वजा करायचे, उरेल तेवढंच धरायचं. मी गोंधळलो.

हेमलताताई म्हणाल्या, "यात काय हाय? एकादशीत सहा दिवस मिळवा, बीज येते. आमी दांडीत भरती-ओहोटीचा हिशोब असाच करतो!"

सरांनी खडू खाली ठेवला. "तीस वर्षं मी घड्याळाचं उदाहरण देत आलो. फुकट गेली!"

एकदा माझ्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मी अविभाज्य संख्या मांडत बसलो होतो. सोबतचा पांडे डोकावला.

"हैकर बनोगे क्या?"

"अभी तो भाग देना सीख रहा हूँ!"

पुढे आमच्या एन्क्रिप्शनच्या पुस्तकात वक्रांचं, म्हणजे कर्व्हजचं, प्रकरण आलं आणि खुद्द सर तीन महिने अडले. शेवटी त्यांनी परदेशातल्या एका प्राध्यापकांना ईमेल केला. उत्तर आलं, "तरुण मित्रा, घाई करू नकोस."

चुरी काकू म्हणाल्या, "घाई करू नका हे मी चाळीस वर्षं सांगतेय. पण तरुण म्हणायचं सुचलं नाही!"

मग सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. एक डोळा आधीच गेलेला, भिस्त या दुसऱ्यावर. आम्ही धास्तावलो. सरांनी डॉक्टरांना एकच विचारलं, "दोन प्रकरणं राहिलीत. होतील ना?"

ऑपरेशन झालं, आणि आठवडाभर वाचायला बंदी. हेमलताताई रोज कामावरून सुटल्या की घरी न जाता थेट शिरगाव गाठायच्या आणि पुस्तक मोठ्याने वाचायच्या. सर पडल्या पडल्या ऐकायचे.

चौथ्या दिवशी सर म्हणाले, "थांबा. तिथे वजा हवं."

"सर, पुस्तकात अधिक हाय."

"मग पुस्तक चुकलंय."

ताईंनी पेन्सिल घेतली. दोन पानं भरली. खोडून पुन्हा भरली.

"सर... पुस्तक चुकलंय!"

"बरं," सर म्हणाले. "पुढची ओळ वाचा."