आमच्याकडून ओके आहे

आमच्या धंद्यात हे वाक्य दिवसातून दहादा बोललं जातं. मीही बोलत आलोय. त्यातलं एकदाचं मात्र मनातून जात नाही. एका माणसाला सोडून आजवर ते कुणाला सांगितलं नाही, म्हणून लिहितोय.

औरंगपुऱ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे युनिक्स सर्व्हर मी सांभाळायचो. गावोगावी लॅबची केंद्रं होती. तिथं रक्त घ्यायचं, रुग्णाची माहिती संगणकात भरून आमच्या सर्व्हरला पाठवायची. ती आल्याशिवाय रिपोर्ट निघत नसे. देवगाव रंगारीच्या केंद्रावर एक बाई होत्या. त्यांचे वडील मेंढ्या राखायचे. त्यांनीच हट्टानं पोरीला संगणकाचा कोर्स करायला लावला होता. मला मात्र त्यांचा नुसता आवाज माहीत होता.

एका सकाळी त्यांचा फोन आला. "सर, नुसतं गोल फिरतंय. माहिती जात नाय."

मी सर्व्हरवर बघितलं. प्रोग्रॅम चालू, माहिती आत घेणारा पोर्ट उघडा. त्यांना पिंग करायला, म्हणजे आमचा सर्व्हर हाकेला ओ देतो का ते बघायला सांगितलं, तर उत्तर बरोबर येत होतं. म्हणजे लाइनही ठीक. म्हणालो, "ताई, आमच्याकडून ओके आहे. तुमच्याकडं काहीतरी चुकतंय, परत बघा."

त्या परत परत बघत राहिल्या. रिपोर्ट अडकले, रुग्णांची माणसं केंद्रावर येऊन त्यांनाच बोलायला लागली. रोज फोन, रोज माझं तेच वाक्य. पुढंपुढं त्या फोनवर आधी माफी मागायच्या, मग बोलायच्या. आमचे मॅनेजर एकदा मीटिंगमध्ये म्हणाले, "मेंढ्या हाकणाऱ्याच्या पोरीला माऊस दिला, तर दुसरं काय होणार?" सगळे हसले. मीही हसलो.

त्यांना काढून टाकलं. त्यांच्या जागी नवा माणूस आला, आणि त्याचंही जाईना. तेव्हा कुठं मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. टीसीपीडम्प लावला, म्हणजे सर्व्हरच्या दारात बाहेरून काय येतंय ते बघितलं. देवगावची माहिती येत होती. दारापर्यंत यायची आणि तिथंच नाहीशी व्हायची. बाईंच्या पहिल्या फोनच्या आदल्याच दिवशी मी फायरवॉलचे, म्हणजे दारातून कुणाला आत घ्यायचं त्याचे, नियम नव्यानं लिहिले होते, आणि त्यात त्या केंद्राचा पत्ता घालायचा राहून गेला होता. पिंगला सगळ्यांना परवानगी होती, म्हणून त्याचं उत्तर जायचं. बाकीचं सगळं माझा नियम गुपचूप टाकून देत होता, साधा नकारही न कळवता. आणि मी सर्व्हरच्या आत बसून तपासत होतो. आतून सगळं चालूच दिसणार.

एक ओळ घातली, काम सुरू झालं. मॅनेजरांना सांगितलं, लाइन दुरुस्त झाली. ते म्हणाले, "बघा, माणूस बदलला की कसा फरक पडतो." मी मान डोलावली.

त्याला बरीच वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात कन्नडला लग्नाला गेलो होतो. परतताना गाडी देवगावकडं वळवली आणि विचारत विचारत त्यांचं घर गाठलं. बाई अंगणात चुलीसाठी कापसाच्या पऱ्हाट्या मोडत बसल्या होत्या. बोलल्या तसा आवाज ओळखला. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी मी पाठवत होते ते येत होतं तिथं?"

"येत होतं. मीच आत घेतलं नाही."

त्यांनी हातातली काडी खाली ठेवली. "माझे वडील लई म्हणायचे, परत लाग कुठंतरी, तुला येतं. मीच त्यांच्यावर ओरडायचे, मला नाय येत म्हणून. ते गेले आता." मग म्हणाल्या, "तेव्हाच सांगायला काय झालं होतं, सर?"

नोकरी जायची भीती वाटली, म्हणालो. खरं तेवढंच होतं.

त्या रागावल्या नाहीत. पाणी आणते म्हणून आत गेल्या. आतून भांड्याचा आवाज आला नाही. मी अंगणात पऱ्हाट्यांच्या ढिगाजवळ उभा राहिलो. बऱ्याच वेळानं त्यांची मुलगी तांब्या घेऊन बाहेर आली, म्हणाली, आई जरा आडवी झालीय, तुम्ही पाणी घ्या.