भाग घेतो, सर

महाडहून पोलादपूरला जाणाऱ्या एसटीत तो रोज खिडकीशी बसायचा. एमआयडीसीतल्या कुठल्याशा प्रयोगशाळेत कामाला होता. आम्ही कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसून कॉलेजचे पेपर तपासत होतो. एकाने लिहिलं होतं, 'धातूचं जटिल संयुग उत्प्रेरक म्हणून पाणी आणि कार्बन मोनॉक्साइडची अभिक्रिया घडवतं, पण स्वतः तिच्यात भाग घेत नाही.' मी बरोबरची खूण केली. वीस वर्षं करत आलोय.

"भाग घेतो, सर," तो म्हणाला आणि त्याने मूठ आवळली. "धातू आधी मोनॉक्साइडला असा धरतो. मग पाणी येतं. कार्बन डायऑक्साइड सुटतो, हायड्रोजन सुटतो." त्याने मूठ उघडली. "धातू परत होता तसा. म्हणून वाटतं, यानं काय केलंच नाय."

मी खूण खोडली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "घरी कोण असतं?"

"दोन भाऊ होते. शिकवलं, लग्नं लावली. मुंबईला हायत आता."

आंबेनळीच्या फाट्यावर तो एकटाच उतरला. वाडीची चढण चढताना त्याची मूठ अजून मिटत होती, उघडत होती.