गौराबाईने खाल्लेल्या गोळ्या

गौराबाईचा डॉक्टरांवर विश्वास नव्हता, आणि त्याला कारण होतं. तिची लेक चिंधी पहिल्या बाळंतपणात गेली. आधी पाय सुजले, डोळ्यांपुढे अंधारी आली, मग झटके सुरू झाले. बैलगाडीतून दवाखान्यात नेलं, तिथे इंजेक्शन दिलं आणि थोड्याच वेळात चिंधी गेली. गौराबाईच्या मनात झटके राहिले नाहीत, सुई राहिली. पुढे आणीबाणीत नसबंदीसाठी माणसं गोळा करणारी जीप गावात आली, तेव्हा तिने मुलाला, भिवाजीला, पेंढ्याच्या उडवीमागे लपवलं होतं.

त्यामुळे ब्याऐंशी साली मुंबईच्या डॉक्टर टिपणीसबाई जीप घेऊन खालापूरजवळच्या त्या गावात आल्या, तेव्हा गौराबाईने आधी दार लावून घेतलं. भिवाजीची बायको मैना पाच महिन्यांची गरोदर होती.

बाई ओटीवरच बसल्या. म्हणाल्या, "गरोदरपणात काहीजणींचं प्रेशर चढतं, झटके येतात. का येतात ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही. मला वाटतं, त्यांच्या जेवणात कॅल्शियम कमी पडत असेल. हे तपासून बघायला एका संस्थेने वर्षभरापुरते थोडे पैसे दिलेत. मैनाने या गोळ्या रोज घ्यायच्या."

दार किलकिलं झालं. "तुमाला नुसतं वाटतं, आनि त्याचं कुनी पैसं देतं?"

"कल्पना नवी होती, म्हणून दिले."

"पुढं पोर होऊ नये म्हनून तं नाय ना ह्या गोळ्या?"

"नाही."

गौराबाईने गोळ्या ठेवून घेतल्या. जीप वळताच सुनेला म्हणाली, "तू नको खाऊ गं. आधी मी खाऊन बघते." आणि खरंच, जेवण झालं की ती रोज एक गोळी गिळायची आणि पोटात काय होतंय याकडे लक्ष ठेवून बसायची. काहीच झालं नाही. त्यानेच तिचा संशय वाढला. काही होत नाही, तर देतात कशाला?

आठव्या महिन्यात मैनाचे पाय सुजले. टिपणीसबाईंनी तिच्या दंडाला पट्टा बांधून प्रेशर मोजलं, पुन्हा मोजलं. "गोळ्या घेतल्यास ना नेमाने?"

मैनाने सासूकडे पाहिलं.

"मी खाल्ल्या," गौराबाई म्हणाली. "तिला नाय दिल्या." मग हळूच विचारलं, "तिनं खाल्ल्या असत्या तं हे झालं नसतं?"

"माहीत नाही, गौराबाई. तेच शोधायला आले होते. पण आत्ता हिला दवाखान्यात न्यायलाच हवं."

माहीत नाही म्हणणारा डॉक्टर गौराबाईला आजवर भेटला नव्हता. या बाईला खोटंच बोलायचं असतं तर सगळा दोष माझ्यावर टाकून मोकळी झाली असती, असं तिच्या मनात आलं. ती मैनाशेजारी जीपमध्ये बसली.

दवाखान्यात नर्स सुई घेऊन आली, तशी गौराबाई मध्ये उभी राहिली. हे औषध झटके येऊ नयेत म्हणून आहे, असं टिपणीसबाईंनी समजावल्यावर ती बाजूला झाली. पण मैनाचा हात तिने सोडला नाही. मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीची, हडकुळी, पण जोरात रडणारी.

पुढच्या वर्षी पैसे संपले आणि जीप यायची बंद झाली. त्या गोळ्यांचं काय ठरलं, ते गावात कुणाला कळलं नाही. गौराबाईने मात्र सरपंचांना गाठून विचारलं, "बंद कुनी केलं? कामाच्या असतील म्हनूनच केलं असंल."

मैनाला पुन्हा दिवस गेले, तेव्हा गौराबाईच तिला प्रेशर मोजायला खालापूरला नेऊ लागली. नर्सने पट्टा सोडला की म्हणायची, "परत बांध गं. एकदा मोजलेलं मी नाय धरत."