जड पेट्या

हिवाळ्यात मधमाश्यांची पेटी उघडायची नाही, हा जेजिगाआजीचा कायदा. सगळा गाव तिला याया म्हणतो. जुर्जुरा डोंगराच्या उतारावर तिच्या चौदा पेट्या. बर्फ पडला की ती प्रत्येक पेटी मागच्या बाजूनं जराशी उचलून बघायची. हलकी लागली तर आतला मध संपत आलाय, मग तेवढ्यापुरतं झाकण सरकवून खाली साखरेचा घट्ट गोळा ठेवायचा. जड लागली तर पुढं चालायचं.

मी एकदा म्हणालो, "याया, वजनकाटा आणू का?"

"बायको आणलीस तेव्हा लावला होतास का काटा?"

यंदा चौदाही पेट्या तिला जड लागल्या. खूश झाली. "पोरींनी भरपूर साठवलंय, मेझियान. साखर नको कुणाला."

जानेवारीत तीन पेट्यांमधली गुणगुण थांबली. उघडल्या तर पोळ्याच्या रिकाम्या घरांत डोकी खुपसून माश्या मेलेल्या. आता कुणाला तरी शिव्या बसणार, असं मला वाटलं. पण तिनं चौथी पेटी उचलली.

"भरलीय की ही. बघ तू."

मी उचलली. अंजिरांच्या रिकाम्या टोपलीसारखी ती एका हातात वर आली. यायानं माझा हात पाहिला. मग स्वतःची मनगटं पाहिली.

"जा, साखर आण," ती म्हणाली. "पेट्या रिकाम्याच होत्या रे. माझेच हात भरून आले होते."