काकाजींचा स्वेटर आणि शेवटचं पाणी

पाऊस कमी पडला की आमच्या खात्यात दोन पिकं जोमात येतात. एक अहवाल, दुसरे किस्से. अहवाल वरच्या ऑफिसात जातात, किस्से आमच्याकडेच साचतात. त्यातले थोडे आज तुम्हाला देते.

मी कृषी सहायक. नेमणूक गोरेगाव तालुक्यातल्या एका धानाच्या गावात. गावात जुना तलाव, तलावाची पाणी समिती आणि समितीचे अध्यक्ष काकाजी. वय पंचाहत्तर, तिन्ही वेळा भात. पोळी त्यांच्या मते आजाऱ्यांनी खायची वस्तू. गहू घेतात तो केवळ बांधी, म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत, रिकामी राहू नये म्हणून.

*

गेल्या खरिपात गणपती गेले आणि पाऊसही गेला. धान अर्ध्यावर आलं, कापणी मात्र लवकर उरकली. मी म्हटलं, आता निदान गहू तरी वेळेवर पेरा. हल्ली फेब्रुवारीतच ऊन भाजून काढतं, दाणा भरायच्या आत वाळून जातो.

"थंडी पडल्याबिगर गहू पेरत नाही, मॅडम," काकाजी म्हणाले.

"आणि नाहीच पडली तर?"

"मागच्या साली नाही पडली."

"मग?"

"मंग उशिरा पेरला. जिरं झालं त्याचं."

गावाचं थर्मामीटर म्हणजे काकाजींचा मरून स्वेटर. तो अंगावर दिसला की गाव पेरणीला लागतं. नोव्हेंबर अर्धा सरला तरी स्वेटर पेटीतच. शेवटी मी काकीजींना गाठलं.

दुसऱ्या दिवशी काकाजी चौकात स्वेटर घालून बसलेले, घामाने निथळत! दोन दिवसांत गाव पेरून मोकळं झालं. काकीजी त्यांना एवढंच म्हणाल्या होत्या म्हणे, "घाला मुकाट्यानं. गाव थांबून राह्यलं."

*

तलाव अर्धाही भरलेला नव्हता, म्हणून गव्हाला तीनच पाणी द्यायचं ठरलं. पाणी सोडणारा पाणकर धनलाल. त्याचा जन्म धानात गेलेला, बांधी तुडुंब दिसली नाही तर त्याला चैन पडत नाही. मी त्याला समजावलं, गव्हात पाणी साचू द्यायचं नाही, माती भिजली की पुढच्या शेतात.

त्याने बांधीत वाकून पाहिलं. "पानी दिसूनच नाही राह्यलं, मॅडम. मंग देल्लं, हे समजाचं कसं?"

"अनवाणी चाल आणि बघ," मी म्हटलं. तेव्हापासून तो चप्पल काढून शेतं तपासायला लागला. त्या हंगामात त्याच्या दोन चपला हरवल्या, पण पाणी वाचलं.

*

पाटाच्या अगदी शेवटी शेवंताबाईंचा एक एकर. घरात त्या आणि दोन नातवंडं. धान हातचं गेलेलं, त्यामुळे वर्षभराचं खाणं म्हणजे हा गहू. फेब्रुवारीत जिल्ह्याहून साहेब पाहणीला आले. शेतात उभं राहून त्यांनी विचारलं, "काय अडचण आहे, बाई?"

"ऊन कमी करा, साहेब."

"ते आमच्या हातात नाही हो."

"मंग फोटो कायले काढून राह्यले?"

साहेबांनी मोबाइल खिशात ठेवला. आम्ही हसलो, पण मी एक ओंबी सोलून पाहिली. दाणा दुधात येत होता आणि तिसरं पाणी अजून बाकी होतं.

*

त्या तिसऱ्या पाण्यासाठी समिती तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, बसली. उरलेलं पाणी अर्ध्याच शेतांना पुरणार, हे डोळ्यांना दिसतच होतं. गावाची रीत अशी की पाणी वरून सुरू होतं. पहिली बांधी काकाजींची, शेवटची शेवंताबाईंची. त्या एका कडेला बसल्या होत्या आणि त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं.

"यंदा शेवटाकडून सुरू करा," काकाजी म्हणाले.

धनलाल चाचरला. "काकाजी, तुमच्यापावतर नाही पोचाचं."

"मले कुठं पोळी लागते?"

आणि चपला घालून ते घरी निघून गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला धनलालचा फोन आला. "शेवंताबाईचं झालं, मॅडम. पूरा भिजला गहू. अन् पानी दिसूनबी नाही राह्यलं." मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि पाच मिनिटं नुसती बसून राहिले. एवढं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

*

मार्चमध्ये कापणी झाली. शेवंताबाईंचा गहू टपोरा, काकाजींचा पुन्हा जिरं. नव्या पिठाच्या पोळ्या आणि वांग्याची भाजी घेऊन शेवंताबाई पारीवर आल्या आणि सगळ्या समितीला वाढायला लागल्या. काकाजींनी आधी हात आडवा केला. मग एक घेतली. मग दुसरी. शेवंताबाई वाढत राहिल्या.

पाचवीला मात्र शेवंताबाईंना राहवलं नाही. "काकाजी, तुमाले त पोळी लागत नाही ना?"

काकाजींनी पोळीचा तुकडा रश्शात बुडवला.

"खाऊन कोन राह्यला? दाना भरला का नाही, ते पाहून राह्यलो."